विमान रद्द झालं: परत किती येतं, पदरचं किती जातं

विमान रद्द झाल्याचा मेसेज येतो तेव्हा त्याखाली बहुतेक वेळा दोन पर्याय असतात: रिफंड घ्या, किंवा दुसरं विमान निवडा. वैतागलेला माणूस पटकन रिफंडवर बोट ठेवतो. पैसे तरी सुटले, असं त्याला वाटतं. माझ्या मते घरोघरचं सगळ्यात मोठं नुकसान याच क्षणी होतं. रिफंड घेतला की तुम्हाला मुक्कामी पोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपते. मग त्याच दिवसाचं चढ्या भावाचं तिकीट, रात्रीचं हॉटेल, टॅक्सी, बुडालेलं पुढचं बुकिंग, सगळं तुमच्या खिशातून जातं. तिकिटाचे पैसे आज ना उद्या परत येतात. न परतणारा खर्च तो हा, आणि तो बहुधा तिकिटापेक्षा मोठा असतो.

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवा. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले होते, त्यांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती. इंडिगोची त्यासाठीची तयारी अपुरी पडली आणि ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. उरलेल्या विमानांची तिकिटं इतकी भडकली की दुसऱ्या दिवशी सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. कर आणि विमानतळाचं शुल्क त्यावर वेगळं. ही मर्यादा तात्पुरती होती, पण तिच्यावरून हिशेब नीट कळतो. मुंबई–दिल्लीचं पाच-सहा हजारांचं तिकीट ज्याने रिफंड करून घेतलं, त्याला सरकारी मर्यादेतलं नवं तिकीटसुद्धा १५,००० अधिक कर, इतकं पडू शकत होतं. चौघांचं कुटुंब असेल तर फरक चाळीस हजारांच्या आसपास, आणि तो कुठलाही नियम पूर्ण भरून देत नाही.

म्हणून जायलाच हवं असेल, तर आधी पर्यायी विमान मागा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याबाबत स्पष्ट आहे: पर्यायी विमान की पूर्ण परतावा, हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही. ॲपवर फक्त रिफंडचा पर्याय दिसत असेल तर काउंटरवर जा, कस्टमर केअरला फोन करा आणि ई-मेलवरही एक ओळ लिहा: "मला परतावा नको, पर्यायी विमान हवं." ही एक ओळ पुढे पुरावा म्हणून फार उपयोगी पडते. लग्न, परीक्षा, दवाखाना असं काही अडलेलं नसेल आणि प्रवास पुढे ढकलता येत असेल, तर रिफंड खुशाल घ्या.

आणखी एक. बातम्या ऐकून घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका. कंपनीने रद्द केलं तर पूर्ण पैसे परत. तुम्ही केलंत तर कॅन्सलेशनचे पैसे कापले जातात आणि भरपाईचा हक्कही जातो. मेसेज येईपर्यंत धीर धरणं जड जातं, पण धरा. मात्र कधी स्वतःहून रद्द करावंच लागलं, तर 'नॉन-रिफंडेबल' या शब्दाला घाबरून पैसे सोडून देऊ नका. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं तशा तिकिटावरही परत द्यावीच लागतात.

भरपाईचा आकडा नीट वाचा

"विमान रद्द झालं की दहा हजार मिळतात" असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. दोन आठवडे आधी कळवून रद्द केलं तर भरपाई नाही. त्यानंतर, पण सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं, तर पर्यायी विमान किंवा परतावा, एवढंच. भरपाई मिळते ती असं वेळेत न कळवता रद्द केलं तर. तिचे तीन टप्पे आहेत: एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि दोन तासांच्या पुढे १०,०००. हा वेळ म्हणजे तिकिटावर छापलेल्या सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळांमधलं अंतर. मुंबई–गोवा मधल्या टप्प्यात बसतं, मुंबई–दिल्ली शेवटच्या.

पण नियमाच्या शेवटी एक छोटं वाक्य आहे: हा आकडा किंवा एकेरी प्रवासाचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. इथे तिकिटाची पावती उघडून बघायला हवी. समजा दिल्लीच्या तिकिटाला तुम्ही ६,८०० रुपये भरलेत. पावतीत मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून ५,४०० दिसतात. उरलेल्या १,४०० मध्ये विमानतळाचं शुल्क, सुरक्षा शुल्क, जीएसटी आणि ज्या साइटवरून काढलंत तिची कन्व्हीनियन्स फी. तुमची भरपाई १०,००० नाही, ५,४०० आहे. ती तिकिटाच्या पूर्ण परताव्याच्या व्यतिरिक्त मिळते आणि प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र मिळते. चौघांचे २१,६०० होतात. कन्व्हीनियन्स फी मात्र बऱ्याच साइट ठेवून घेतात, तेव्हा परताव्यात शे-दोनशे कमी दिसले तर आधी तिथे बघा.

वादळ, धुकं, दंगल, संप, हवाई वाहतूक नियंत्रणातला बिघाड, सरकारी आदेश अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. कंपन्या 'ऑपरेशनल रीझन' असा मोघम शब्द वापरतात. त्यावर समाधान मानू नका. रद्द होण्याचं किंवा उशिराचं कारण लिहिलेलं पत्र काउंटरवर मागून घ्या. विम्याचा दावा असो की ग्राहक आयोग, हा कागद लागतोच.

दुसरी अट अनेकांना नडते. बुकिंगमध्ये संपर्काची पुरेशी माहिती नसेल तर भरपाई नाही. आपल्याकडे तिकीट काढतो नाक्यावरचा एजंट, नाहीतर पुण्यातला भाचा, आणि नंबर त्यांचाच टाकलेला असतो. रद्द झाल्याचा मेसेज भाच्याला जातो, तो मीटिंगमध्ये असतो, आणि आजी-आजोबा पहाटे विमानतळावर पोचलेले असतात. कंपनी म्हणते, आम्ही कळवलं होतं. तिकीट कुणीही काढो, प्रवास करणाऱ्याचा मोबाइल नंबर आणि ई-मेल बुकिंगमध्ये घालून घ्या. याला एक पैसाही लागत नाही.

क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत परत यायला हवेत. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाला जास्त दिवस लागतात, पण जबाबदारी विमान कंपनीचीच. "एजंटला विचारा" हे उत्तर चालत नाही. आणि पैशांऐवजी 'क्रेडिट शेल', म्हणजे पुढच्या प्रवासासाठी जमा, तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही. वर्षभरात पुन्हा विमानाने जाणार नसाल तर नाही म्हणा.

ताटकळण्याचा खर्च

उशीर झाला तर चहा-नाश्ता, जेवण कंपनीने द्यायचं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तासांनी, त्याहून लांबच्याला चार तासांनी. देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. उशीर २४ तासांच्या वर गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारं विमान सहा तासांपेक्षा जास्त लांबलं, तर हॉटेल आणि तिथवर जाण्या-येण्याची गाडीही कंपनीची. गर्दीत हे कुणी विचारत फिरत नाही, तुम्हालाच मागावं लागतं. नाही मिळालं तर खर्च करा, पावती घ्या, आणि आपण मागितलं होतं हे त्याच वेळी ई-मेलने कळवून ठेवा.

नवं टर्मिनल, पहिले आठवडे

रद्द उड्डाणांचं दुसरं कारण म्हणजे घाईने उघडलेली इमारत. लंडनच्या हीथ्रोवरचं टर्मिनल ५ हे याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण आहे. ४.३ अब्ज पौंड खर्चून बांधलेलं हे टर्मिनल फक्त ब्रिटिश एअरवेजसाठी होतं. १४ मार्च २००८ ला राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झालं, २७ मार्चला प्रवासी आत आले आणि त्याच दिवशी ३४ उड्डाणं रद्द झाली. कारणं ऐकून वाईट वाटतं. कर्मचाऱ्यांना आपली गाडी कुठे लावायची ते सापडत नव्हतं, त्यांच्या सुरक्षा तपासणीलाच रांगा लागल्या, सामान हाताळणाऱ्यांना नव्या यंत्रणेत लॉगिन होत नव्हतं. चाचणीच्या काळात सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला एक फिल्टर काढायचा राहून गेला होता, त्यामुळे बॅगांविषयीचे खरे संदेशही अडवले जात होते. सामान चढेना म्हणून विमानं रिकाम्या पोटाने सुटली, प्रवाशांना फक्त हातातल्या बॅगेनिशी जायला सांगितलं गेलं, आणि सुमारे २८,००० बॅगा साचल्या. हजारो बॅगा ट्रकने थेट इटलीत मिलानला पाठवून तिथे वेगळ्या कराव्या लागल्या. पुढच्या काही दिवसांत पाचशेवर उड्डाणं रद्द झाली. कंपनीचे प्रमुख विली वॉल्श यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि ३० एप्रिलला नव्या टर्मिनलमध्ये न्यायची लांब पल्ल्याची उड्डाणं ५ जूनपर्यंत पुढे ढकलली. ब्रिटिश संसदेच्या परिवहन समितीने चौकशी केली, तेव्हा कर्मचाऱ्यांचं अपुरं प्रशिक्षण आणि अपुऱ्या चाचण्या, हेच समोर आलं.

बर्लिनने उलट केलं. नवा विमानतळ जून २०१२ मध्ये उघडायचा होता. आग लागल्यावर धूर बाहेर काढणारी यंत्रणा नीट नाही म्हणून महिनाही उरला नसताना उद्घाटन रद्द झालं, आणि विमानतळ सुरू व्हायला ऑक्टोबर २०२० उजाडला. पुणेकरांनीही वाट पाहिलीच: लोहगावच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं, पण प्रवासी आत गेले १४ जुलैला. चार महिने इमारत तयार असताना जुन्या टर्मिनलमध्ये दाटीवाटीने उभं राहणाऱ्यांचा राग रास्तच होता. तरीही मला विचाराल तर पूर्ण तयारी न करता दरवाजे उघडण्यापेक्षा ही वाट परवडली. उशिराने चीड येते. अर्धवट तयारीने उघडलेल्या टर्मिनलमध्ये सुट्टी, सामान आणि पैसे तिन्ही जातात.

मग प्रवाशाने काय करावं? नव्या टर्मिनलच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत शक्यतो हातातल्या सामानावर प्रवास करा. औषधं, चार्जर, कागदपत्रं, दागिने आणि एक बदलायचा कपडा चेक-इन बॅगेत टाकू नका. दिवसाचं शेवटचं विमान टाळा, कारण ते रद्द झालं की मध्ये रात्र येते आणि रात्रीला पैसे पडतात. आदल्या रात्री टर्मिनल कोणतं ते तिकिटावर पुन्हा बघा. चुकीच्या टर्मिनलवर उतरलेल्या माणसाला विमान चुकलं तरी भरपाई नाही.

मुंबईकडच्या प्रवाशांसाठी यात आता एक नवी गोष्ट आली आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून देशांतर्गत विमानं सुरू झाली. समजा नागपूरहून तुम्ही स्वस्त तिकिटावर नवी मुंबईला उतरलात आणि लंडनचं विमान सहारच्या टर्मिनल २ वरून आहे. मध्ये खाडी आहे, पूल आहे, आणि संध्याकाळी सायन–पनवेल रस्त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ही दोन तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असतील आणि नागपूरचं विमान रद्द झालं, तर लंडनवाली कंपनी तुम्हाला 'नो शो' ठरवेल. साठ-सत्तर हजारांचं तिकीट दोन हजार वाचवण्याच्या नादात जातं. एकाच पीएनआरवरचं तिकीट थोडं महाग असलं तरी घ्या. पुढचं विमान चुकलं तर पोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळीच काढायची असतील तर आदल्या दिवशी मुंबईत या. एका रात्रीच्या लॉजचा किंवा नातेवाइकांकडच्या मुक्कामाचा खर्च हा इथला सर्वांत स्वस्त विमा आहे.

लंडनहून परतताना

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला गेलेल्या आई-वडिलांना हे जरूर सांगा. ब्रिटनहून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तिथला कायदा लागू होतो, एअर इंडियालाही. मुंबईहून लंडनला जाताना मात्र तो फक्त ब्रिटिश आणि युरोपीय कंपन्यांना लागू आहे. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात, चौदा दिवसांच्या आत कळवून विमान रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर माणशी ५२० पौंड. म्हणजे आजच्या दराने साठ हजार रुपयांच्या आसपास. पर्यायी विमानाने चार तासांच्या आतल्या उशिराने पोचलात तर रक्कम निम्मी होते, काही वेळा मिळतही नाही. इथे तिकिटाची किंमत बघत नाहीत. चाळीस हजारांच्या तिकिटालाही ५२० पौंडच. दावा करायला इंग्लंडमध्ये सहा वर्षांची मुदत आहे, त्यामुळे भारतात परतल्यावरही अर्ज करता येतो.

टर्मिनलच बंद पडलं तर कंपनी विमानतळाकडे बोट दाखवते आणि भरपाईवर वाद होतो. जेवण आणि हॉटेल यांवर मात्र वाद नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं थांबली, तेव्हा एका आयरिश प्रवासी बाईंनी राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी रायनएअरवर दावा लावला. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये निकाल दिला: कारण कितीही असाधारण असो, प्रवाशांची सोय करायचीच, आणि तिला पैशांची किंवा दिवसांची मर्यादा नाही. खर्च वाजवी हवा, इतकंच. साधं हॉटेल, साधं जेवण, आणि प्रत्येकाची पावती.

बॅग आली नाही तर

बेल्ट थांबला आणि बॅग आली नाही, तर त्या हॉलमधून बाहेर पडू नका. तिथेच कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाचा फॉर्म भरून मिळतो, त्याचा क्रमांक घ्या. बोर्डिंग पासवर चिकटवलेला बॅगेचा टॅग फाडून टाकू नका; बॅगेचा शोध त्याच्याच क्रमांकावर लागतो. बाहेर आल्यावर तक्रार केली तर बॅग मिळालीच नव्हती हे सिद्ध करत बसावं लागतं. देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई जास्तीत जास्त २०,००० रुपये आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) झाली, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या पुढे. ही वरची मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. नुकसान दाखवावं लागतं. बॅग फुटली असेल तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यायची. मधल्या दिवसांत घेतलेले कपडे, दाढीचं सामान यांच्या पावत्याही जोडा.

प्रवास विमा घेताना किती तासांच्या उशिरानंतर तो लागू होतो, आणि हॉटेल-जेवणाची मर्यादा किती, एवढं विचारा. आणि लवकर घ्या. गोंधळ सुरू झाल्यावर काढलेल्या पॉलिसीत तो गोंधळ सहसा धरत नाहीत.

तक्रारीला किती पैसे लागतात

सुरुवातीला काहीच नाही. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला ई-मेल, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, म्हणजे साताऱ्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य, वकील बंधनकारक नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षं. मसुद्याची धास्ती वाटत असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.

अर्ज लिहिताना झालेल्या मनस्तापाची दोन पानं लिहू नका. मागणीच्या तीन ओळी वेगळ्या करा: तिकिटाचा परतावा, नियमातली भरपाई, आणि प्रत्यक्ष झालेला खर्च. तिसऱ्या ओळीतल्या प्रत्येक रकमेसमोर पावतीचा क्रमांक घाला, आणि पर्यायी विमान मागितल्याचा तो ई-मेल सगळ्यांत वर लावा.